पाचवीची मुले भरभर वाचतात, पण वाचलेले समजत नाही: शब्दसंपत्तीचे काम कसे करावे?

प्रश्न: पाचवीची वर्गशिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत पाचवीला मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते. वर्गात ३८ मुले आहेत. निम्म्याहून अधिक मुले घरी हिंदी किंवा नागपुरी वळणाची मराठी बोलतात, दोघांच्या घरी तेलुगू आहे, आणि पुस्तकातली मराठी बहुतेकांच्या कानावर फक्त शाळेतच पडते.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. घड्याळ लावून मोजले तर माझ्या वर्गातील बरीच मुले हा आकडा सहज ओलांडतात. गाडी अडते ती 'अर्थासह' या शब्दापाशी. धडा खणखणीत आवाजात वाचून दाखवणाऱ्या मुलीला "यात काय झाले ते तुझ्या शब्दांत सांग" असे म्हटले की ती खाली पुस्तकात बघते आणि पहिले वाक्य पुन्हा वाचू लागते.

आजवर मी दर धड्याला बारा-पंधरा कठीण शब्द फळ्यावर अर्थासह लिहून देत आले. मुले ते वहीत उतरवतात, चाचणीत लिहितात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात. मागच्या महिन्यात 'दुर्मीळ म्हणजे क्वचित आढळणारे' असे लिहून दिले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितले. एका मुलाने लिहिले, "मी शाळेत दुर्मीळ येतो." अर्थ त्याला पाठ होता, शिवाय त्याची हजेरी पाहता वाक्य खोटेही नव्हते. चूक त्याची म्हणावी की मी दिलेल्या अर्थाची, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शब्दार्थ लिहून देणे बंद करावे का, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत वाचन आणि शब्द या दोन्हींना वेळ कसा द्यावा, आणि घरच्या बोलीतले शब्द वर्गात आले तर ते दुरुस्त करावेत की राहू द्यावेत, यावर अनुभवी शिक्षकांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १: निवृत्त शिक्षक, महाल

ताई, 'दुर्मीळ'ची चूक मुलाची नाही. एका शब्दासमोर दुसरा शब्द ठेवला की मूल ते दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बसवून पाहते, आणि त्याचे हे वागणे तर्काला धरूनच असते. शब्द कोणाच्या सोबतीने येतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. नाणे दुर्मीळ, पक्षी दुर्मीळ, वनस्पती दुर्मीळ, अशी चार उदाहरणे तोंडी दिली असती आणि "मग नागपुरात संत्री दुर्मीळ आहेत का?" असे विचारले असते, तर तीन मिनिटांत काम झाले असते.

पंधरा शब्दांऐवजी तीन घ्या, पण ते आठवडाभर सोडू नका. सोमवारी धड्यात भेटलेला शब्द बुधवारी परिसर अभ्यासात, शुक्रवारी हजेरी घेताना, आणि पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीच्या भांडणातसुद्धा कानावर आला पाहिजे.

दुसरे असे की, मराठी शब्द उकलून पाहण्याची सवय मुलांना लावा. माझ्या वर्गात 'बाष्पीभवन' शिकवताना एका मुलाने विचारले होते, "सर, वाफेचं भवन म्हणजे विधानभवनासारखं राहते का?" सगळे हसले, मला मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला, कारण त्याने शब्द फोडला होता. मग फळ्यावर मांडले की इथे 'भवन' म्हणजे इमारत नसून 'होणे', आणि त्याच्याच शेजारी 'करण' म्हणजे 'करणे'. पाण्याचे बाष्पीभवन होते. गोरेवाड्याच्या केंद्रात पाण्याचे शुद्धीकरण कोणीतरी करते. त्या दिवसापासून मुले 'करण' आणि 'भवन' असलेले शब्द वर्तमानपत्रातून कापून आणू लागली. जलचर, उभयचर, निशाचर हे शब्दही असेच एका माळेत येतात. या खेळात फसगतही होते, तीही होऊ द्यावी: 'भूगोल', 'भूकंप', 'भूजल' झाल्यावर एकाने 'भूक' आणला होता, आणि तो शब्द त्या कुटुंबातला का नाही, हे वर्गानेच त्याला पटवून दिले.

शब्दकोशाचेही असेच आहे. आपण सहज म्हणतो, "शब्दकोशात बघ." पण धड्यात 'विहिरीजवळच्या' असते आणि कोशात 'विहीर'. मूल 'विहिरी' शोधते आणि सापडत नाही म्हणून कोश मिटून ठेवते. 'मुळांपाशी' आणि 'मुलांपाशी' या दोन शब्दांतून 'मूळ' आणि 'मूल' बाहेर काढता येणे हे पाचवीच्या वाचनातले खरे कौशल्य आहे. सामान्यरूप केवळ व्याकरणाच्या तासाला शिकवून ते येत नाही.

उत्तर २: शिक्षक प्रशिक्षणाचे काम करणारी, नागपूर

वरील सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. शब्दांच्या निवडीबद्दल थोडी भर घालते. अमेरिकेतील अभ्यासक इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवायच्या शब्दांचे तीन थर मानले आहेत. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले शब्द, तिसऱ्यात 'बाष्पीभवन' यासारखे एका विषयाचे पारिभाषिक शब्द, आणि मधल्या थरात बोलण्यात कमी पण प्रत्येक विषयाच्या पुस्तकात वारंवार येणारे शब्द. अपुरा, परिणाम, तुलना, संकोच, कारणीभूत, दुर्मीळ हे सगळे मधले. आपला वेळ प्रामुख्याने या मधल्या थरावर खर्च व्हावा, कारण पारिभाषिक शब्द त्या त्या पाठात समजावले जातात आणि रोजचे शब्द घरून येतात. मधल्यांना मात्र कोणी वाली नसतो. यात प्रश्नपत्रिकेतले शब्दही धरा. 'सकारण स्पष्ट करा', 'अनुक्रमे लिहा' यांचा अर्थ न कळल्यामुळे उतारा समजलेले मूलसुद्धा उत्तर चुकते, हे मी अनेक वर्गांत पाहिले आहे.

आता मूळ अडचणीकडे येते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडले की वाचनाचे आकलन हे लिपी उलगडणे आणि भाषा समजणे या दोहोंचा गुणाकार असते. बेरीज न म्हणता त्यांनी गुणाकार म्हटले, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही असले तरी उत्तर शून्यच येते. तुमच्या वर्गातली ती मुलगी खणखणीत वाचते, म्हणजे पहिली बाजू भक्कम आहे. तोच धडा तुम्ही वाचून दाखवा आणि तिने फक्त ऐकावा. ऐकूनही समजला नाही, तर अडचण वाचनाच्या वेगात नसून भाषेत आणि पूर्वज्ञानात आहे, आणि मग तिच्याकडून आणखी प्रकट वाचन करून घेतल्याने काही साधणार नाही.

पूर्वज्ञानाचे वजन किती असते, याचा एक प्रयोग १९८८ साली डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी केला होता. सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना त्यांनी बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाण असलेली मुले, वाचनात पक्की पण त्या खेळाशी अपरिचित असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलऐवजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावरचा क्रिकेट सामना घ्या, चित्र तेच दिसेल.

मला हे कापसाने शिकवले. एका वर्गात मी स्वतः लिहिलेला छोटा उतारा दिला होता: "बोंडे फुटली होती. दुपारी आभाळ भरून आले. आईने चूल विझवली आणि ओटी बांधून ती शेताकडे धावली." प्रश्न एकच होता, आई का धावली? सर्वांत चांगली वाचणारी मुलगी म्हणाली, "देवीची ओटी भरायला." दुसरा म्हणाला, "तिला पावसात भिजायचे होते." शेवटच्या बाकावरचा, एकेक अक्षर जुळवून वाचणारा, कळमेश्वरकडच्या गावातून त्याच वर्षी शहरात आलेला मुलगा हळूच म्हणाला, "कापूस ओला झाला तर व्यापारी भाव देत नाही, मॅडम." वेचणीच्या वेळी कमरेला बांधायची ओटी त्याने पाहिली होती. 'कापूस' हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही, हे लक्षात घ्या. त्या वेळी माझ्या नोंदवहीत तो मुलगा 'वाचनात मागे' या रकान्यात होता.

म्हणून धडा उघडण्यापूर्वी पाच मिनिटे त्या विषयावर गप्पा माराव्यात, आणि वाचताना मध्येच थांबून शिक्षकाने स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवावा: "आभाळ भरून आले म्हटले आहे, म्हणजे पाऊस येणार, मग ही घाई कशाची असेल?" समजून घेणारा वाचक मनात काय करतो, हे मुलांना दिसत नसते, ते असे ऐकवावे लागते. प्रश्न विचारतानाही उत्तर ओळीत आहे, दोन ओळींच्या मध्ये आहे, की आपल्या अनुभवात आहे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. ज्याचे उत्तर ओळीत नाही तो प्रश्न चुकीचा आहे, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते.

उत्तर ३: पालक, त्रिमूर्तीनगर

माझा मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करीत आहे. वर सुचवलेले सर्व पटते. परंतु परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारतात, आणि आठवड्याला तीन शब्द या गतीने शाळेच्या वर्षभरात जेमतेम शंभरेक होतील. मग याद्या पाठ केल्याशिवाय मुलांनी काय करावे? शिक्षकांनी याचेही उत्तर द्यावे.

उत्तर ४: निवृत्त शिक्षक, महाल

आपली काळजी रास्त आहे. यादी करू नये असे माझे म्हणणे नाही. ती मुलाने स्वतः वाचता वाचता जमवावी, एवढेच. पाणी, जल, नीर, उदक हे समानार्थी म्हणून पाठ होतात, पण गुपचुपवाल्याकडे (पाणीपुरीवाल्याकडे) कोणी जल मागत नाही, आणि एखाद्या गोष्टीवर उदक सोडतात, नीर सोडत नाहीत. हा फरक ज्याला कळला त्याला चारही शब्द राहतात. राहिला प्रश्न गतीचा. शिकवलेले शब्द शंभर असले, तरी शब्द उकलण्याची सवय लागलेले मूल स्वतःहून कित्येक पटींनी अधिक शब्द मिळवते, मात्र त्यासाठी त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचले पाहिजे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. रोज रात्री त्यातले एक पान मुलाने वाचावे आणि एक पान आपण वाचून दाखवावे.

उत्तर ५: जिल्हा परिषद शाळा, काटोल तालुका

बोलीच्या प्रश्नावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्या मुलांना 'बांध' समजत नाही, 'धुरा' समजतो. 'शेत' समजते, पण ती म्हणतात 'वावर'. पूर्वी मी दुरुस्त करीत असे. परिणाम एवढाच झाला की मुले बोलेनाशी झाली, आणि न बोलणाऱ्या मुलाला काय समजले हे कळण्याचा मार्ग उरत नाही. आता भिंतीवर दोन रकान्यांचा कागद आहे: 'पुस्तकात' आणि 'आपल्याकडे'. बोलताना कोणताही शब्द चालतो, लिहिताना मूल कागदाकडे पाहून पुस्तकातला शब्द निवडते. अर्थ त्याच्याकडे आधीपासून असतो. नवा शब्द त्या अर्थावर चढवायचा असतो, आणि ते काम पंधरा शब्दार्थ उतरवण्यापेक्षा पुष्कळ हलके आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर, बारा दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. पालकांचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटला, म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येकाने आपली जमवलेली शब्दांची यादी सुरू केली आहे.

धडा ऐकवून पाहण्याची चाचणी मी नऊ मुलांवर केली. सहा जणांना ऐकूनही कथा सांगता आली नाही. तिघांना मात्र ऐकल्यावर व्यवस्थित सांगता आली, म्हणजे त्यांची अडचण अजूनही अक्षरांपाशीच आहे आणि मी इतके दिवस नऊही जणांना एकच औषध देत होते. या तिघांसाठी परिपाठानंतरची दहा मिनिटे वेगळी काढली आहेत. तीन शब्दांची पद्धत जमते आहे, फक्त शुक्रवारी मीच शब्द विसरते, म्हणून ते टेबलावर चिकटवून ठेवले आहेत. 'दुर्मीळ' लिहिणाऱ्या मुलाने काल "आमच्या गल्लीत चिमण्या दुर्मीळ झाल्या" असे लिहिले.

दोन रकान्यांच्या कागदावर मात्र अर्धी तासिका गेली. 'पुस्तकात'च्या खाली 'कोथिंबीर' होते, समोर एकीने 'सांबार' लिहिले. तेलुगू बोलणाऱ्या घरातील मुलाने लगेच हरकत घेतली की सांबार इडलीबरोबर खातात, पानांना सांबार म्हणत नाहीत. मग तुमच्याकडे काय म्हणतात, असे विचारल्यावर तो म्हणाला, "कोत्तिमीर." वर्ग क्षणभर फळ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला, कारण पुस्तकातल्या शब्दाच्या सर्वांत जवळ तोच होता. त्याच्यासाठी तिसरा रकाना आखला आहे. कागद आता पुरत नाही.