मदत हवी आहे: हौशी नेमबाजाने राज्य संघटनेचं सभासद व्हावं का? (गोवा)

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, पंचेचाळिशी ओलांडलेली. मुलाला सुट्टीत १० मीटर एअर रायफलच्या शिबिराला घातलं. त्याचा नाद लवकरच सुटला आणि मला लागला! पदक-बिदक नको. रविवारी सकाळी रेंजवर जावं, पन्नासेक पेलेट्स (शिशाचे छोटे छर्रे) सोडावेत, घरी येऊन शीत-कढी जेवावं, एवढीच हौस. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, तिथे नजर लागली की डोक्यातली कटकट गप्प होते.

आता रेंजवाले म्हणतात, संघटनेचं सभासदत्व घ्या. फॉर्म आणलाय, पण मला त्यातून नक्की मिळणार काय? माहिती विचारावी तर सगळी स्पर्धेची: राज्य स्पर्धा, मावळंकरांच्या नावाची देशपातळीवरची स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा, निवडीच्या ट्रायल्स. "मला उतरायचंच नाही" म्हटलं की समोरचा "मग कशाला?" अशा नजरेने बघतो.

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ची, पहिले लोकसभा अध्यक्ष मावळंकर तिचे संस्थापक. खेळ लोकांत रुजवायचा हाही मूळ हेतू होताच ना? पॅरिसला २०२४मध्ये नेमबाजीत तीन कांस्यपदकं आली, त्यात आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे. त्याचं श्रेय कोणी नाकारत नाही. पण पदकाच्या रांगेत नसलेल्यांचं काय?

इथे तर अडचण आणखी वेगळी. गोव्यात बंदूक म्हटली की लोकांना आठवते बागायतीच्या राखणीची, निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा करायची. नाहीतर चोरटी शिकार. माझं लांबडं खोकं बघून शेजाऱ्याने विचारलं, "रानडुकराला का?" शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल बिनपरवाना बाळगता येते, हे त्याला मी का समजावत बसायचं? हे काम संघटनेने शाळांत, पंचायतीत जाऊन करायला नको?

अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद १ (फोंडेकर): संघटनेकडून फार अपेक्षा ठेवू नका. सरकारी मदत शिबिरं आणि स्पर्धांसाठी येते, म्हणून लक्षही तिकडेच. तुम्हाला हवी ती गोष्ट क्लब देतो: लेन (नेम धरायला उभं राहायची जागा), सामाईक रायफल, चूक दाखवणारा प्रशिक्षक. स्वतःची मॅच (स्पर्धेची) रायफल एवढ्यात घेऊ नका, परदेशी घ्याल तर लाखांत जाते. आणि एकदा तरी राज्य स्पर्धेत उतरा हो. शेवटून पहिले आलात तरी ६० शॉट्सचा दाब काय असतो ते कळेल.

प्रतिसाद २ (साळकर): फॉर्मवर सभासदत्वाचा वर्ग बघितलात का? वार्षिक सभेत मत देता येत असेल तर पैसे भरा आणि हाच प्रश्न तिथे लेखी द्या. मत नसेल तर ती नुसती रेंजची फी समजा.

धागाकर्ता: वर्गाचं लक्षातच आलं नव्हतं, विचारून घेतो. म्हापसा-डिचोलीकडे रविवारी खुली लेन हवी असलेले आणखी कोणी असतील तर कळवा. पाचसहा जणांच्या सह्या असल्या तर संघटनेला द्यायच्या अर्जाला वजन येईल.