राख म्हणजे भेसळ नव्हे
एकाने म्हटलंय की पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये राख घालून कंपन्या फसवतात, तर तसं नाहीये हो, आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश चालते. आपल्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या थर्मल वीज केंद्रातून निघते तीच ही, कोळशाची बारीक राख. सिमेंटला पाणी लागलं की घट्ट पकडणारा जेल होतो आणि सोबत चुनाही सुटतो, जो ताकदीच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. राखेतली सिलिका नंतर सावकाश तोच चुना खाऊन आणखी जेल बनवते, त्यामुळे पुढे काँक्रीट दाट होतं, आणि उष्णताही कमी निघते. गोम फक्त 'सावकाश'मध्ये आहे! आमच्या पाथर्डी फाट्याच्या साइटवर डिसेंबरात सकाळी गोणपाट उचलून काँक्रीटवर नखाने ओरखडा काढला तर दुसऱ्या दिवशीही पावडर निघत होती, मिस्त्री म्हणे माल खराब. माल ठीकच होता, थंडीने रिअ‍ॅक्शन मंदावली होती बस. सेंट्रिंग (काँक्रीटला खालून आधार देणारा साचा) काढायची घाई नको, आणि पाणी निदान १० दिवस मारा, ७ नाही. आमच्याकडे पाचव्या दिवशीच टँकर बंद केला होता, तो वेगळा वैताग.