भिंतीची ओल अन पोरीचा खोकला: काय करावं?

दारव्ह्याची_सून
नमस्कार. घर जुनं, मातीच्या भिंतींचं. चार वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. तेव्हापासून दर पोळ्याला मधल्या खोलीत खालून हातभर काळे डाग चढतात. प्लास्टिक पेंट मारला, त्याचे पोपडे निघाले. भाव नाही म्हणून मागचं सोयाबीन त्याच भिंतीला लावून ठेवलं आहे. सहा वर्षांची पोरगी तिथंच झोपते अन रात्री दोन-तीनला खोकत उठून बसते. माहेरी आठ दिवस नेलं, एकदाही खोकली नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच रात्री सुरू. तीन बाटल्या औषध झालं. मला भिंतीचाच संशय येते. काय करावं?

गवंडीकाम_यवतमाळ
ताई, संशय बरोबर आहे. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते अन हवेत सोडते. वरून सिमेंट फासलं की ती आतच कोंडते. आपली काळी माती पावसात पाणी धरून बसते, म्हणून ओल खालूनच येते. पेंट त्यावर टिकणारच नाही.
आधी बाहेर पाहा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडते का? न्हाणीचं पाणी तिथं मुरते का? पन्हाळ लावा, नालीला उतार द्या. उन्हाळ्यात खालचं तीन फूट सिमेंट खरवडून चुन्याचं प्लास्टर करा, वरून चुनाच मारा. चुना क्षारयुक्त असते, ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. अन पांढरी भुकटी दिसली तर पाणी शिंपडा: विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, बुरशी नव्हे.

दारव्ह्याची_सून
न्हाणी त्याच भिंतीमागं आहे! पण उन्हाळ्याला वेळ आहे. आज रात्री काय करू?

सिस्टर_ताई
आजच पोरीचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवा, बाकी सगळं नंतर. जागा बदलली की खोकला थांबते, ही खूण फार मोलाची आहे. डॉक्टरांना हीच आधी सांगा. रात्रीचा खोकला दम्याचाही असू शकते, त्यावर खोकल्याची बाटली पुरत नाही. छातीत शिट्टी वाजते का, घरात कुणाला दमा आहे का, तेही सांगा. तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) लिहून दिला तर घाबरू नका. त्याची सवय लागते ही भीती खोटी आहे, मी कित्येक मायांना समजावलं. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा बोलताना दम लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा.
डाग कोरड्या झाडूनं झाडू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा, मग भिंत वाळू द्या. ब्लिचिंग पावडरमध्ये संडासाचं ॲसिड तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघते.

कास्तकार_पुसद
सोयाबीनचे कट्टे (पोती) भिंतीपासून हातभर सरकवा, खाली लाकडी फळ्या टाका. सोयाबीनची ओल १२ टक्क्यांवर असेल तर कट्ट्यातच बुरशी धरते, म्हणून ऊन पडलं की पसरवा. काळं पडलेलं अन कुबट वासाचं सोयाबीन गुरांपुढंही टाकू नका.
माझ्या बाबांचं सांगतो. भिजलेलं कुटार (मळणीनंतरचा भुसा) उपसलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप अन दम. आम्ही दोन वर्षं मलेरियाच समजत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय काम केलं? कुटारातल्या बुरशीची धूळ फुफ्फुसाला सोसत नव्हती. त्रास काम संपल्यावर चार-सहा तासांनी होते, म्हणून ध्यानातच येत नाही. आता कुटार मीच काढतो, मास्क लावून. बाबांचा ताप गेला, पण चढावर दम अजून लागते. ते आधी कळायला पाहिजे होतं.

दारव्ह्याची_सून
पोरीला रात्रीच सासूबाईंच्या खोलीत झोपवलं. यांनी कट्टे सरकवले, मागं भिंत हाताला ओली लागली अन तळचे दोन कट्टे काळे निघाले. उद्या तिला घेऊन दवाखान्यात जातो. दादा, चुन्याच्या प्लास्टरला तुमच्याकडं वाळू किती धरतात?