डायलिसिसवरील वडिलांच्या मणक्यातील जंतुसंसर्गाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. माझ्या वडिलांचे (वय ६७) डायलिसिस गेली २ वर्षे ठाण्यात आठवड्यातून ३ वेळा होते आणि फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली हातातील रक्तवाहिनी) नीट न चालल्यामुळे सध्या ते मानेतील कॅथेटरवरून (शिरेत बसवलेल्या नळीवरून) करावे लागते. दीड महिन्यापूर्वी त्यांची कंबर दुखू लागली, तेव्हा ४ तास एकाच खुर्चीत बसल्याने दुखत असेल असे आम्हीही समजलो आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनीही तेच सांगितले. ताप नव्हता, त्यामुळे शंका आली नाही. रात्री कूस बदलणेही अशक्य झाल्यावर एमआरआय केला, त्यात कमरेच्या दोन मणक्यांत व मधल्या चकतीत संसर्ग दिसला. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला. तो कॅथेटरवाटे रक्तात शिरून मणक्यात पोहोचला असावा, असे डॉक्टर म्हणतात.

आता किमान ६ आठवडे प्रतिजैविक द्यायचे असून सेफाझोलिनचे इंजेक्शन प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी दिले जाते, म्हणजे हाताच्या शिरा तरी वाचतात.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना विचारायचे आहे की कॅथेटर बदलला का आणि तो कधी, कमरेचा पट्टा बांधून रिक्षाचा प्रवास झेपला का, आणि दुखणे किती दिवसांनी उतरले. पायांतील ताकद किंवा लघवी-शौचावरील ताबा कमी झाल्यास तत्काळ न्यायचे, हे आम्हाला सांगितलेले आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत मूत्रपिंडतज्ज्ञ, मणक्याचे शल्यचिकित्सक आणि संसर्गरोगतज्ज्ञ एकाच ठिकाणी भेटतील असे रुग्णालय कोणते?