पाव : खायचा, मापायचा आणि कानडी

पीठ पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही गोष्ट आपल्या सांगलीत अजून छातीठोकपणे सांगतात, आणि जुन्या आज्ज्या तर तेवढ्यापायी पावाला हात लावत नव्हत्या. पण राव, तसलं काय नाही. हा शब्द पोर्तुगीजांचा, ते ब्रेडला नाकातनं 'पांव' असं काहीतरी म्हणतात, आणि त्याच्या मागं लॅटिनचा 'पानिस' आहे. 1510 ला त्यांनी गोवा घेतलं आणि तिथनं पाव आपल्याकडं आला. बंगालीत पाउरुटी, सिंहलीत पान, आणि पोर्तुगीज 1543 ला जपानात पोचले तर तिकडं पण ब्रेडला 'पान'च म्हणायला लागले, आजपण तेच म्हणतात. आपण ज्याला कंपनी म्हणतो ना, त्याच्या पोटात पण हाच पानिस बसलाय, एकत्र भाकरी मोडणारे ते कंपनीवाले!

– मग पाव किलोचं काय? तो पण पोर्तुगीज म्हणू नका आता.

– नाही ओ काका, तो अस्सल इथला. संस्कृत 'पाद', म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, श्लोकाला पण चार पादच असतात. सव्वा म्हणजे स-पाद, पाऊण म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. पावशेर, पावली (चार आण्याचं नाणं, चवली त्याच्या निम्मी) सगळी ह्याच खानदानातली. म्हणजे गंमत बघा, पायाची गोष्ट खरी आहे, फक्त ती बेकरीतल्या पावाची नाही, वाण्याच्या तागडीतल्या पावाची आहे. दोन वेगळे शब्द, योगायोगानं एकाच उच्चाराला येऊन बसलेत.

– आमच्या मिरजेत घरात कानडी बोलतात म्हणून सांगतो, कानडीत पण 'पावु' म्हणजे पाव शेराचं माप. आणि जुन्या कानडीत 'पावु' म्हणजे साप!! आता 'हावु' म्हणतात, कारण कानडीत शब्दाच्या सुरुवातीच्या प चा पुढं ह झाला, तमिळमध्ये प तसाच राहिला. दूध तिकडं पाल, इकडं हालु. साप तिकडं पांबु, इकडं हावु.

– आयला, म्हणजे शिराळ्याच्या नागपंचमीला जुना कानडी माणूस आला असता तर 'पावु पावु' म्हणत पळाला असता, आणि आपल्या लोकांनी त्याला वडापाव आणून दिला असता 😂

– 'देव पावला' राहिलं की. ते 'प्राप्' वरनं, पावणे म्हणजे पोचणे, मिळणे. पावती पण त्यातलीच, पैसे पोचले म्हणून पावती. 'काय पावणं, कुठलं गाव?' मधलं पावणं मात्र ह्यात घुसडू नका, ते पाहुण्याचं बोलीतलं रूप, त्याचं मूळ 'प्राघूर्ण'.