मदत हवी आहे: फ्रीडनराइखचे गोल नेमके किती धरायचे?

कॉर्नरकिक:
ब्राझीलचा आघाडीवीर आर्थर फ्रीडनराइख (१८९२–१९६९) याच्यावर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहिते आहे. कारकिर्दीचा तक्ता तीन ठिकाणी अडलाय. एकूण गोल कुठे १३२९, कुठे १२३९, तर कुठे ५५४ दिसतात. साव पाउलो राज्य स्पर्धेचे काही वर्षी दोन-दोन विजेते सापडतात. आणि १९३०च्या विश्वचषकात तो का नाही?

जुनी_कात्रणं:
१३२९ आधी खोडा. मूळ दावा '१३२९ सामन्यांत १२३९ गोल' असा होता. छापताना आकडे उलटले आणि तसेच जगभर फिरले. १२३९लाही तपासता येईल असा कागद नाही. ज्या वह्यांचा हवाला देतात त्या पुढे आल्याच नाहीत. त्या काळच्या वर्तमानपत्रांवरून झालेली एक मोजणी ५६१ सामन्यांत ५५४ गोल सांगते, दुसरी ५६२ सामन्यांत ५५८. यातली एकच घ्या, सामने एकीतले आणि गोल दुसरीतले असं करू नका. सामन्यागणिक जवळपास एक गोल! या माणसाला फुगवलेल्या आकड्याची गरजच नाही.

डावी_आघाडी:
दोन विजेत्यांचं कारण म्हणजे फुटलेल्या संघटना. १९१३–१६ आणि १९२६–२९ या काळात साव पाउलोत दोन वेगळ्या लीग चालत, म्हणून वर्षासमोर लीगचं नावही लिहा. १९२७, २८ आणि २९चं त्याचं सर्वाधिक गोलांचं मानांकन पाउलिस्तानो या त्याच्या तेव्हाच्या क्लबच्या बाजूच्या लीगमधलं आहे.

क्लबांच्या नावांतही फसगत होते. जुना 'पाल्मेइरास' वेगळा. आजचा पाल्मेइरास तेव्हा पालेस्त्रा इतालिया होता आणि त्याने १९४२मध्ये नाव बदललं. पाउलिस्तानोने १९२९मध्ये फुटबॉल बंद केल्यावर त्याचे खेळाडू आणि जुना पाल्मेइरास यांतून १९३०मध्ये साव पाउलो क्लब उभा राहिला. फ्रीडनराइख तिथेच गेला.

विश्वचषकाचं उत्तरही भांडणातच आहे. रिओतल्या राष्ट्रीय महासंघाने निवड समितीत साव पाउलोचा माणूस घेतला नाही, म्हणून साव पाउलोच्या संघटनेने खेळाडू अडवले. त्यांच्यापैकी फक्त अराकेन गेला, तोही स्वतःच्या क्लबशी बिनसल्यामुळे. फ्रीडनराइख तेव्हा ३८ वर्षांचा होत आला होता, पण न जाण्याचं कारण वय नव्हे. हे लेखात स्पष्ट लिहाच.

कॉर्नरकिक:
आभार! एखादा सामना स्वतः पडताळायचा तर?

जुनी_कात्रणं:
ब्राझीलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वृत्तपत्रसंग्रह ऑनलाइन फुकट आहे. आधी 'कोर्रेइओ पाउलिस्तानो' हे दैनिक आणि वर्ष निवडा. शोधात 'पाउलिस्तानो' टाकू नका, दैनिकाच्याच नावामुळे पानंच्या पानं येतात. प्रतिस्पर्धी क्लबचं नाव टाका. 'फ्रीडनराइख' ओळीच्या शेवटी तुटतं आणि यंत्राला वाचता येत नाही, म्हणून नुसतं 'फ्रीड'ही शोधा. सामन्याच्या तारखेनंतरचे दोन-तीन अंक पाहा. मैत्रीपूर्ण सामने वेगळ्या रकान्यात ठेवा, बेरीज तिथेच बिघडते.

सुरुवात २९ मे १९१९च्या सामन्यापासून करा: दक्षिण अमेरिकी स्पर्धेचा निर्णायक सामना, रिओत, उरुग्वेविरुद्ध. ९० मिनिटं गोलशून्य, पहिली जादा ३० मिनिटंही कोरी. दुसऱ्या जादा वेळेच्या सुरुवातीलाच, १२२व्या मिनिटाला, त्याने गोल केला. १–०. वर्णन भरपूर छापलं गेलंय, त्यामुळे जुनी पोर्तुगीज वर्तनी डोळ्यांखालून जाईल.

डावी_आघाडी:
त्या स्पर्धेत त्याचे गोल ४, त्यातले ३ चिलीविरुद्ध. ब्राझीलच्याच नेकोचेही ४ आहेत, तेव्हा सर्वाधिक गोलांचा मान दोघांच्या नावे लिहा.