तुरीच्या पिसारी पतंगामागे 'वॉल्सिंगहॅम' हे नाव कुणाचं?

बांधकरी, दापोली
भाताच्या बांधावर घरापुरती तूर लावतो. यंदा शेंगांवर पिसारी पतंगाची अळी आहे. पुस्तक उघडलं तर शास्त्रीय नावामागे कंसात 'वॉल्सिंगहॅम'. भाचा मोबाइलवर बघून म्हणतो, हा इंग्लंडातला जुना क्रिकेटर! त्याचं आमच्या तुरीशी काय काम? की माणसं दोन?

कातळसडा, रत्नागिरी
माणूस एकच. टॉमस डी ग्रे, सहावा लॉर्ड वॉल्सिंगहॅम, जन्म १८४३. क्रिकेट तरुणपणातलं: १८६२-६३ ला केंब्रिज विद्यापीठाकडून, पुढे एमसीसी या क्रिकेट क्लबकडून प्रथम श्रेणीचे सामने. मग खासदारकी, १८७० ला लॉर्डपद. जीव मात्र अडकला बारीकसारीक पतंगांत. १८७१-७२ ला कॅलिफोर्निया-ओरेगॉनात फिरला आणि तिथल्या पिसारी पतंगांवर १८८० मध्ये पुस्तकच काढलं. म्हणजे तुमच्या शेंगांवरचं कूळ त्याच्या खास आवडीचं.

नावाभोवती कंस का? पहिलं वर्णन त्याचं, पण पुढे पतंगाचा वंश, म्हणजे शास्त्रीय नावातला पहिला शब्द, बदलला, म्हणून.

संध्याकाळी बांधावर निरखून बघा. हा पतंग पंख मिटत नाही, आडवे ताणून बसतो. पुढच्या पंखाच्या दोन फाका, मागच्याच्या तीन, कडेला झालर. कॉलेजात मी पतंग पिनेवर लावायचो. याचे पाय नुसता चिमटा लागला तरी तुटायचे. आणि या गृहस्थाच्या संग्रहात, विकत घेतलेले धरून, २ लाख ६० हजारांवर नमुने! १९१० मध्ये ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले.

तिरफळ, मालवण
ह्याच बाबान ३० ऑगस्ट १८८८ क यॉर्कशायरात एका दिवसात १०७० ग्राउज पाखरां मारल्यान. एकट्यान! आणि म्हणे निसर्ग अभ्यासक.

कातळसडा, रत्नागिरी
खरं आहे, तो विक्रम म्हणून मिरवला जातो. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. पाखरं बंदुकीपुढे हाकलायला माणसं लावलेली, भरलेल्या बंदुका हातात आयत्या. त्या काळच्या जमीनदारांना शिकार आणि अभ्यास यांत विरोध वाटतच नसे. शेवटी पैशाची ओढाताण होऊन मालमत्ता विकावी लागली. १९१९ मध्ये वारला. संग्रह तेवढा फुटला नाही.

बांधकरी, दापोली
लॉर्डसाहेब कळले. अळीचं काय करू?

आगरवाली, गुहागर
दादा, घरापुरतीच आहे तर औषधामागे नका लागू. ही अळी शेंगेत पुरती शिरत नाही, अंग बाहेर ठेवूनच दाणा खाते. हाताने वेचता येते. शेंगेवर केसाळ तपकिरी काही चिकटलेलं असेल आणि हलत नसेल तर तो कोष, तोही खुडा. आमच्याकडे सासूबाई सकाळी झाडाखाली जुनं लुगडं पसरून फांद्या हलवतात, पडतील त्या अळ्या कोंबड्यांना. उशिरा आलेल्या झाडांना अजून कळ्या असतील तर त्यांच्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, तोही उन्हं उतरल्यावर.